आभार मानून अडकलेला खेळ

माझ्या वडिलांनी आजवर किमान दहा हजार कार्यक्रमांचं आभारप्रदर्शन केलं आहे. आकडा मी थोडा कमी करूनच सांगतो, कारण लोक विश्वास ठेवत नाहीत. ते तालुक्याच्या गावी शाळेत मराठी शिकवायचे. नळाचं उद्घाटन असो, निरोप समारंभ असो की गुरांच्या दवाखान्याची नवी पाटी, शेवटी माइक त्यांच्याच हाती यायचा. प्रमुख पाहुणे आले नाहीत तरी चालायचं, पण वडील आले नाहीत तर कार्यक्रम संपतच नसे. एकदा त्यांना ताप आला होता, तेव्हा एका मुख्याध्यापकांचा निरोप समारंभ चार दिवस चालला, असं गावात सांगतात. मीच सांगतो, पण गावातच सांगतो.

मंडपवाला, माइकवाला, पाण्याचे जार आणणारा, खुर्च्या पुसणारा, त्यांच्या तावडीतून कुणी सुटत नसे. "आभार राह्यले त कार्यक्रम राह्यला," हे त्यांचं वाक्य मी पाढ्यांबरोबर पाठ केलं. पुढे पाढे विसरलो, वाक्य राहिलं. आणि त्याच वाक्याने माझ्या तीन वर्षांच्या कामाला टाळं लावलं.

मी गेम बनवतो. नागपुरात हुडकेश्वरला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे आणि कूलरच्या मागे जी हातभर जागा उरते, तिथे माझी कंपनी आहे. बायको एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते आणि संध्याकाळी माझ्या गेमचे संवाद लिहिते. वडील निवृत्तीनंतर आमच्याकडेच आहेत. घरी येणारा प्रत्येक कागद ते आधी वाचतात, लाल पेनने तपासतात आणि मग ज्याचा त्याला देतात. विजेचं बिलही आम्हाला दुरुस्त होऊनच मिळतं.

खेळाची कल्पना बायकोची. एका मोठ्या वाहिनीवर एक मालिका वर्षानुवर्षं चालू आहे. तिचं नाव मी घेत नाही. का घेत नाही, ते कळेलच. एक बंगला, सतरा माणसं आणि मधोमध जिना. त्या मालिकेत हातातला चहाचा कप जमिनीवर पडायला तीन भाग लागतात. एकदा जेवताना बायको म्हणाली, "इतकी वर्षं झाली, पण त्या घरात एकाही नवरा-बायकोनं खोलीची कडी नाही लावली. काहून नाही लावत गा हे लोक?"

तिथे माझा घास हातातच राहिला. झाला खेळ!

त्याचं नाव ठेवलं 'कडी'. आठ वर्षांचं लग्न झालेलं, पस्तिशीचं जोडपं. त्यांना आपल्या खोलीपर्यंत पोचायचं आहे आणि आतून कडी लावायची आहे, बस. पण कडीला हात लागला की सासूबाई जिऱ्याची डबी शोधत येतात, काका बाम मागत येतात, नणंद सल्ला मागायला येते. सतराही जणांना चुकवून कडी लागलीच, तर पुढे जे दिसतं ते फक्त मोठ्या माणसांसाठी आहे. तशी पाटी खेळाच्या सुरुवातीलाच होती. पुढे काय दिसतं ते मी इथे लिहिणार नाही. वडील वाचतात.

वडिलांना आम्ही सांगितलं होतं, की कौटुंबिक खेळ आहे. त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

चित्रं काढायला माझा मित्र होता. तो गांधीबागेत साड्यांच्या डब्यांवर बायका काढतो. त्या धंद्याची एक रीत आहे आणि ती त्याने मला फार अभिमानाने सांगितली होती. "डबा पाहून गिऱ्हाइकाले वाटलं पाह्यजे का ही बाई आपण कुठंतरी पाह्यली. पण कुठं, ते आठवलं नाही पाह्यजे." याच रीतीने त्याने मालिकेचा एक भाग पुन्हापुन्हा थांबवला, पडद्यावर पातळ कागद धरला आणि तो जिना कठड्याच्या नक्षीसकट उतरवून घेतला. सासूबाईंचा अंबाडा, किल्ल्यांचा जुडगा, मान वळवायची पद्धत, सगळं तसंच. शीर्षकगीताची चाल मी घेतली आणि तिचे दोन स्वर बदलले. दोन स्वर बदलले की चाल आपली होते, हा कायदा मी कुठे वाचला होता ते विचारू नका. कुठेच नाही.

खेळ पूर्ण झाला, आणि माझ्यातला मास्तरांचा मुलगा जागा झाला. आभार राहिले होते. शेवटच्या पडद्यावर मी ते लिहिले, अगदी वडिलांच्या थाटात.

'या खेळातील बंगला उभारण्यासाठी आम्ही सदर मालिका अकरा वेळा थांबवून पाहिली, त्याबद्दल वाहिनीचे मनःपूर्वक आभार. शीर्षकगीताची चाल दोन स्वर बदलून वापरली आहे, मूळ संगीतकारांचे आम्ही ऋणी आहोत. सासूबाईंची मान वळवण्याची ढब, अंबाडा व किल्ल्या ज्यांच्यामुळे लाभल्या, त्या ज्येष्ठ अभिनेत्रींचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत. अनवधानाने कुणाचा उल्लेख राहून गेला असल्यास क्षमस्व.' वाहिनीचं, मालिकेचं, सगळ्यांचं नाव त्यात होतं. खाली तेच सारं इंग्रजीतही. परदेशी खेळाडूंनाही कळायला नको का, की आम्ही कृतज्ञ लोक आहोत!

परदेशातल्या एका ऑनलाइन दुकानात खेळ लावला. तो बरा चालला. एकत्र कुटुंबात राहणारा माणूस जगात सगळीकडे आहे आणि सगळीकडे त्याच्या दाराशी कुणीतरी जिऱ्याची डबी शोधत उभं आहे, हे मला तेव्हा कळलं. चार-पाच महिने मी हुडकेश्वर ते बेसा रस्त्यावरून असा चालायचो, जणू रस्ता मीच बांधला आहे.

मग दुकानाकडून मेल आला. वाहिनीच्या वकिलांची तक्रार आहे, म्हणून खेळ काढून टाकला आहे, अशी एक ओळ. सोबत तक्रारीची प्रत. मी ती उघडली. जोडपत्र 'अ' म्हणजे माझ्या आभारांच्या पडद्याचा फोटो. त्यांनी स्वतः फार काही लिहिलंच नव्हतं, गरजच नव्हती. कुठली मालिका, किती वेळा थांबवली, किती स्वर बदलले, सगळं माझ्याच शब्दांत होतं. 'अनवधानाने कुणाचा उल्लेख राहून गेला असल्यास', याच्याही खाली त्यांनी रेघ मारली होती.

माझी एक कॉलेजची मैत्रीण वकील आहे. ती आधी जोडपत्र वाचून इतकी हसली, की तिच्या ऑफिसातल्या फायली खाली आल्या. दोन तरी आल्याच.

"एवढं साफ कबुलीपत्र त मले खुनाच्या केसमध्ये बी नाही भेटलं," ती म्हणाली.

"पण हे विडंबन आहे वं," मी म्हणालो. "आपण नागपूरवाले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, तिच्यामागं मोठमोठ्या लोकायचे बडगे काढतो आपण, पुतळे करून, टिंगल करून. कोण्या बडग्याले आजवर नोटीस आली काय?"

"बडगा बांबू आन् चिंध्यायचा असते. लोक तो सोताच्या हातानं बांधतात. कोणाच्या बंगल्याचा जिना उचलून नाही आणत. आन् संध्याकाळी जाळून टाकतात. तू काय केलं? आभार मानून दुकानात लावला."

मग तिने नीट समजावलं आणि मीही पहिल्यांदा नीट ऐकलं. आपल्या कायद्यात टीका आणि समीक्षा यांना सूट आहे, पण विडंबन हा शब्द तिथे नाही. त्यामुळे ते टीकेत बसतं, हे कोर्टात आपल्यालाच पटवावं लागतं, आणि पटेलच असं नाही. कडी न लावणाऱ्या घराची थट्टा करणं, ही कल्पना झाली, आणि कल्पना कुणाच्या मालकीची नसते. पण तो जिना, ती नक्षी, ती चाल ही कुणीतरी केलेली कामं आहेत, आणि प्रत्येकाचा मालक वेगळा असू शकतो. मालिकेच्या नावाचा हक्क आणखी निराळा. त्यात खेळ मोठ्यांचा, म्हणजे आमच्या घरंदाज मालिकेला बट्टा लावला म्हणायला ते मोकळे. हीच चोरी एखाद्या पोरकट खेळात असती तर कुणी वळूनही पाहिलं नसतं, असल्या खेळामागे मात्र लोक धावत येतात. आणि असलं काही नेटवरून पसरवायचं, तर अश्लीलतेचा कायदा त्याहून वेगळा.

"दुकानवाला तरी आपली बाजू ऐकंन ना?"

"दुकानवाल्याले काय घेणंदेणं! तक्रार आली, माल खाली. तुले वापस पाह्यजे असंन, त हा फॉर्म भर. लिहून दे का तक्रार चुकीची आहे, खोटं निघालं त जबाबदार मी, आन् कोर्टात या म्हटलं त येतो. खाली पूर्ण नाव आन् घरचा पत्ता."

"टोपणनाव चालंन?" दुकानात मी टोपणनावानेच होतो.

"चालंन ना. मंग खोटं बोलल्याची केस वेगळी. पूर्ण नाव म्हणजे पूर्ण नाव. तुहं, बाबाचं, आडनाव."

तिथे मी बसलो. आपल्याकडे पूर्ण नाव लिहायचं म्हणजे बाप मधे येतोच. ज्या माणसाने दहा हजार कार्यक्रमांत एकही वावगा शब्द उच्चारला नाही, त्याचं नाव माझ्या आडनावाला टेकून त्या फॉर्मवर बसणार होतं. आणि पत्ता घरचा, म्हणजे जो काही कागद येईल तो आधी लाल पेनखालून जाणार. फॉर्म भरला तर वडिलांना कळणार. नाही भरला तर तीन वर्षांचा खेळ गेला. दोन्हींच्या मधली वाट मी आठवडाभर शोधली. नागपुरात नाही ती. मी बेसापर्यंत जाऊन पाहिलं.

शेवटी झेरॉक्सच्या दुकानातून फॉर्म आणि सगळी जोडपत्रं छापून आणली. नाव अजून भरलं नव्हतं. दुपारी मी कूलरमध्ये पाणी भरायला उठलो, तेवढ्यात कागद टेबलावर राहिले. पाच मिनिटं. पाच मिनिटांत माझे वडील वार्षिक परीक्षेचा गठ्ठा तपासतात.

इंग्रजी पानांना त्यांनी हात लावला नव्हता. जोडपत्र 'अ' मात्र तपासून झालं होतं. वर कोपऱ्यात लाल गोल, आत साडेआठ.

"हे आभार तू लेहले?"

"हो."

"छान आहेत. ओघ आहे. अभिनेत्रीबाईचं वाक्य त मले बी नसतं जमलं." त्यांनी चष्मा वर केला. "पण हे लोक कोण? तू गेला होता का त्यायच्याकडं?"

"नाही, बाबा."

"मंग त्यायनं तुले जिना देला कसा?"

"देला नाही. घेतला."

वडील त्या कागदाकडे पाहू लागले. कॉपी करताना सापडलेल्या, पण एरवी हुशार असलेल्या पोराकडे पाहावं तसे.

"मी चाळीस वर्षं मंडपवाल्याचे आभार मानले," ते म्हणाले, "कारण मंडप मी सोता जाऊन मागून आणत होतो. चोरून आणलेल्या मंडपाचे आभार मानते काय गा कोणी?"

बायको आतून आली. त्या दिवशी तिला सुट्टी असणं, हे माझं नशीब की दुर्दैव, ते मी अजून ठरवलेलं नाही.

"आणि खेळ काय आहे?" वडिलांनी तिलाच विचारलं. माझ्यावरचा विश्वास तोवर संपला असावा.

"मामाजी, एक नवरा-बायको आहेत. त्यायले खोलीची कडी लावाची आहे. पण घरचे लोक लावू देत नाही."

"लग्नाचे आहेत ना?"

"आठ वर्षं झाले."

"मंग काहून नाही लावू देत?"

"कोणी बाम मागते, कोणी जिरं मागते."

वडिलांच्या तोंडावर काहीतरी हललं. आमच्या गावच्या घरात एका छपराखाली चौदा माणसं होती, हे मला तेव्हाच आठवलं. त्यांनाही आठवलं असणार.

"आणि लागली कडी, त?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी कूलरकडे पाहिलं. कूलरने कुणाकडेच पाहिलं नाही.

"त मंग ते मोठ्या माणसायचं आहे, मामाजी," ती म्हणाली. "अजून नाव नाही टाकलं फॉर्मवर. तुमचं नाव मधे येते म्हून."

वडिलांनी पेनाला टोपण लावलं, उठले आणि चपला घालून बाहेर गेले.

दोन दिवस ते आमच्याशी बोलले नाहीत. घरात इतकी शांतता, की शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही मोजायचो आणि भात झाला, हे त्यांना आम्हीच सांगायचो. वडील सकाळी फिरायला जायचे, ते ऊन डोक्यावर आल्यावर परतायचे. मी फॉर्म कपाटात ठेवला. त्या दोन दिवसांत मला खेळाची आठवण एकदाही आली नाही, असं म्हणालो तर ती थाप होईल. पण कमी आली.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी जोडपत्र 'अ' माझ्यापुढे ठेवलं. जिना खोडला होता. चाल खोडली होती. अंबाडा, किल्ल्या, मालिकेचं नाव, सगळ्यांवर लाल रेघ.

"हे ज्यायचं त्यायले वापस कर. भांडू नको, आपली बाजू खरी नाही. कडी, दार, जिऱ्याची डबी हे तुमचं आहे. ते ठेव." मग कपाकडे पाहत, "माह्यासमोर लावजो नको तो खेळ. बस."

मी मैत्रिणीला फोन करून ही यादी वाचून दाखवली. ती म्हणाली, "मी तुले तासभर हेच सांगत होती ना बे! बाबाले म्हण, काळा कोट शिवून घ्या."

फॉर्म पाठवला नाही. तिने माझ्या वतीने वाहिनीच्या वकिलांना लिहिलं, की खेळ काढला आहे, त्या रूपात तो पुन्हा येणार नाही. उत्तर आलं, की सर्व हक्क राखून ठेवले आहेत. ते अजूनही राखून आहेत, मी त्यांना त्रास देत नाही.

मग नव्याने सुरुवात. गांधीबागवाला मित्र ऐकून हादरला. "ट्रेस कराले दे, मी ताजमहाल काढून देतो. मनानं मले फक्त कोंबडी येते," तो म्हणाला. पुढचे दोन महिने त्याने काढलेली प्रत्येक सासू कोंबडीसारखीच दिसायची. नंतर जमलं. जिन्यासाठी आम्ही समोरच्या काकूंचं घर हेरलं. त्यांच्या घराला बाहेरून लोखंडी गोल जिना आहे. रोज दिसणारा, म्हणून कधीच न पाहिलेला.

"मागून घे," वडील म्हणाले. "आणि कशासाठी पाह्यजे ते सांगून माग. नाही सांगितलं, त त्याले मागणं नाही म्हणत." आणि मी हयगय करीन, म्हणून स्वतः फाटकापर्यंत आले.

काकू लसूण सोलत बसल्या होत्या. मी सांगितलं.

"मोठ्या माणसायचा म्हणजे?" काकूंनी हात थांबवला. "तसला?"

"हो काकू. तसला."

काकूंनी माझ्यामागे पाहिलं. वडील शाळा तपासणीला आल्यासारखे जिन्याच्या पायऱ्या मोजत होते.

"जिन्यावर होते का काही?"

"नाही, काकू. जिन्यावरून नुसते लोक येतात-जातात. मधेच."

"मधेच येणारे त आमच्याकडं बी लय होते," काकू म्हणाल्या आणि पुन्हा सोलायला लागल्या. "ने. पण गंजलेल्या पायऱ्या नको दाखवू. आन् आभारात नाव नको टाकू. जिनावाल्या काकू म्हण. कळणाऱ्याले कळते."

चाल एका लग्नाच्या बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याने रचून दिली. त्यालाही सांगूनच. तो म्हणाला, "आपण वरातीत वाजवतो भाऊ, पुढचं आपल्याले ठाऊकच असते." मैत्रिणीने प्रत्येकाकडून लेखी घ्यायला लावलं आणि गांधीबागवाल्याशी करारही करायला लावला. तीन वर्षं आम्ही नुसत्या दोस्तीवर चाललो होतो, म्हणजे जी चित्रं मी माझी समजत होतो ती कायद्याने त्याचीच होती, हे ऐकून तो दोन दिवस ऐटीत फिरला. खेळ भारतात दाखवायचा नाही, हीही तिचीच अट. "आता सगळं सेफ झालं काय?" मी विचारलं. "सेफ फक्त कोंबडी," ती म्हणाली. "कोणी बी तक्रार करू शकते. पण आता तुह्याकडं दाखवाले काही आहे."

कराराचा कागद टेबलावर आला. पहिल्या ओळीत 'पूर्ण नाव'. मी माझं लिहिलं, मग पेन थांबला. वडील समोर बसून वर्तमानपत्र तपासत होते.

"बाबा, इथं तुमचं नाव मधे येते."

"ते त तू जलमला तवापासून येते."

"तवा विचारलं नव्हतं. आता विचारून राहिलो."

त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. करार ओढून घेतला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले. 'प्रौढांसाठी' या शब्दापाशी पेन किंचित अडखळला आणि पुढे गेला. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"लिही. आणि साक्षीदार लागंन ना? खालची जागा रिकामी आहे."

त्यांनी टोपण काढलं. बायकोने हळूच त्यांचा हात धरला.

"मामाजी, लाल पेननं सही नाही चालत," ती म्हणाली, आणि दवाखान्यातला निळा पेन त्यांच्यापुढे ठेवला.